आधी पाण्यात बायकार्बोनेट घाला: युरेनियम शोषणाऱ्या कार्बनवर काम करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कार्बनच्या नॅनो-पदार्थांनी पाण्यातलं युरेनियम काढण्यावर संशोधन करणारे, त्यांचे शोधनिबंध तपासणारे परीक्षक आणि ते छापणारे संपादक

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नवे पदार्थ बनवता, मी पाणी तपासतो. ग्राफिन ऑक्साइड (ऑक्सिजनचे गट असलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे), कार्बन नॅनोट्यूब, सच्छिद्र कार्बन आणि त्यांच्यावर नाना तऱ्हेचे रासायनिक गट चिकटवून केलेले संकर यांच्यावरचे तुमचे निबंध मी मनापासून वाचतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बाटल्यांतल्या काहींत युरेनियम असतं आणि ते काढायचा चांगला मार्ग मिळाला तर मला हवाच आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. निबंधाच्या प्रस्तावनेत पिण्याच्या पाण्याचं नाव घेतलंत, तर प्रयोगही तसल्याच पाण्यात करा.

तुमच्या प्रस्तावना आता मला पाठ झाल्या आहेत. युरेनियम मूत्रपिंडाला घातक, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम, भूजलावर अवलंबून असलेली प्रचंड लोकसंख्या, म्हणून नव्या शोषकाची तातडीची गरज. यातलं काहीच खोटं नाही. (किरणोत्साराचा बागुलबुवा तेवढा कमी केलात तर बरं होईल. नैसर्गिक युरेनियमचा 99 टक्क्यांहून जास्त भाग युरेनियम-238 चा, त्याचा अर्धायुकाल साडेचार अब्ज वर्षांच्या घरात. पाण्यातल्या युरेनियमची मर्यादा ठरते ती त्याच्या रासायनिक विषारीपणावरून. हीच मर्यादा 1998 मध्ये 2 मायक्रोग्रॅम होती, 2004 मध्ये 15 झाली आणि 2011 मध्ये 30.) पण दोन पानं उलटून प्रयोगाच्या तपशिलाशी आलं की भलतंच पाणी समोर येतं. डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलेलं युरेनिल नायट्रेट. सामू 5. युरेनियम लिटरला 50 मिलिग्रॅम, म्हणजे ज्या मर्यादेचा हवाला नुकताच दिला तिच्या सोळाशे पटींहून जास्त. सोबत फार तर थोडं सोडियम नायट्रेट किंवा परक्लोरेट. असं पाणी जगात कुठल्याही विहिरीतून येत नाही.

सामू 5 का निवडला जातो हे मला कळतं. पाण्यात विरघळलेलं सहा-संयुजी युरेनियम दोन ऑक्सिजन अणूंच्या मधोमध, एका सरळ रेषेत, घट्ट अडकलेलं असतं. हा युरेनिल आयन, त्याच्यावर दोन धन प्रभार. ग्राफिन ऑक्साइडच्या कडांवरचे कार्बॉक्सिल गट सामू 4 ते 5 पर्यंत बरेचसे प्रोटॉन सोडून मोकळे झालेले असतात, म्हणजे पृष्ठभाग ऋण. धन आयन आणि ऋण पृष्ठभाग यांचं इथे उत्तम जमतं, आलेखाचा उंचवटा इथेच येतो, आणि मग पुढचे सगळे प्रयोग त्याच ‘इष्टतम’ सामूवर होतात. इष्टतम कुणासाठी? शोषकासाठी. विहिरीला सामू निवडायची सोय नसते.

भूजलाचा सामू बहुतेक ठिकाणी 7 ते 8.5 आणि त्यात भरपूर बायकार्बोनेट. अशा पाण्यात युरेनिलच्या कमरेभोवती तीन कार्बोनेट येऊन बसतात आणि दोन धन प्रभारांच्या जागी चार ऋण प्रभार होतात. पृष्ठभाग ऋण, आयनही ऋण. पाणी कठीण असेल तर आणखी एक गंमत होते: कॅल्शियमचे दोन आयन या संकुलाला येऊन चिकटतात आणि प्रभार शून्यावर येतो. हे कॅल्शियम-युरेनिल-कार्बोनेट काही कागदावरचं गणित नाही. 1996 साली जर्मन संशोधकांनी सॅक्सनीतल्या युरेनियम खाणीच्या टाकाऊ ढिगातून झिरपणाऱ्या पाण्याचा लेझरने अभ्यास केला तेव्हा ते सापडलं, आणि त्यानंतर किती तरी भूजलांत युरेनियम मुख्यतः याच रूपात असतं हे पुढे येत गेलं. हे संकुल स्थिर आहे, चालतं-फिरतं आहे, आणि तुमच्या कार्बॉक्सिल गटांशी त्याला काही देणंघेणं नाही.

आकडे मांडून बघा. लिटरला 60 मायक्रोग्रॅम युरेनियम म्हणजे 0.25 मायक्रोमोल. त्याच लिटरमध्ये 300 मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल, आणि हा आकडा भूजलात अजिबात नवलाचा नाही, तर ते झालं जवळपास 5 मिलिमोल. युरेनियमच्या एका अणूमागे बायकार्बोनेटचे सुमारे 20,000 आयन. कॅल्शियम 80 मिलिग्रॅम असेल तर त्याचे 8,000. इतक्या गर्दीतून तो एक अणू उचलायचा, हे खरं काम. स्पर्धक आयनांचा परिणाम पाहिला असं तुमच्यापैकी बरेच जण लिहितात, पण ती यादी बहुधा सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक, निकेल अशी धन आयनांची असते आणि प्रयोग पुन्हा सामू 5 वरच. त्या सामूवर बायकार्बोनेट घातलं तरी त्याचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. स्पर्धा लावली, पण मुख्य मल्लाला आखाड्याबाहेर ठेवून.

आता मला सर्वात खटकणारी गोष्ट. शोषक पुन्हा वापरता येतो हे दाखवायला तुम्ही त्याच्यावरचं युरेनियम धुऊन काढता. कधी सौम्य आम्लाने, आणि कित्येकदा सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेटच्या द्रावणाने. युरेनियम झटपट सुटून येतं, पाच फेऱ्यांनंतरही क्षमता टिकली असं लिहिलं जातं. बरोबरच आहे, कार्बोनेट युरेनियमला पृष्ठभागावरून ओढून नेतं. पण मग त्याच निबंधाच्या शेवटी हा पदार्थ भूजल शुद्धीकरणासाठी ‘अत्यंत आश्वासक’ कसा ठरतो? ज्या रसायनाने तुम्ही शोषक रिकामा करता, ते रसायन भूजलात आधीच हजर आहे. तुमच्या धुण्याच्या द्रावणाइतकं तीव्र नाही, मान्य. पण युरेनियमच्या मानाने ते किती आहे ते वर सांगितलंच.

क्षमतेचा आकडा हे दुसरं प्रकरण. सारांशात हमखास येतं: ग्रॅमला 300 मिलिग्रॅम, 500 मिलिग्रॅम, आणि मग आधीच्या पदार्थांशी तुलनेचा तक्ता, ज्यात लेखकाचा पदार्थ योगायोगाने वरच्या ओळींत असतो. हा आकडा लँगम्युइरच्या (पाण्यात किती उरलं असता पृष्ठभागावर किती बसतं ते सांगणाऱ्या) समीकरणातून निघतो आणि तो पृष्ठभाग पूर्ण भरल्यावरचा असतो. पिण्याच्या पाण्यात पृष्ठभाग कधीच भरत नाही. समजा तुमच्या पदार्थाची कमाल क्षमता ग्रॅमला 300 मिलिग्रॅम आहे आणि लँगम्युइरचा स्थिरांक मिलिग्रॅममागे 0.1 लिटर. एक हजार लिटर पाणी आहे, त्यातलं युरेनियम लिटरला 60 मायक्रोग्रॅमवरून 30 वर आणायचं आहे. काढायचं युरेनियम एकूण 30 मिलिग्रॅम. सारांशातला आकडा धरला तर 0.1 ग्रॅम शोषक पुरेसा. पण पाण्यात 30 मायक्रोग्रॅम उरलेलं असताना याच समीकरणाने शोषकावर ग्रॅममागे फक्त 0.9 मिलिग्रॅम युरेनियम बसतं. लागणारा शोषक 33 ग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. पाणी टाकीत ढवळण्याऐवजी शोषक भरलेल्या स्तंभातून सोडलं तर गणित थोडं सुधारेल, पण ‘300’ हा आकडा कुठेच दिसणार नाही. आणि हे सगळं डिस्टिल्ड पाण्यातले स्थिरांक धरून. तुमच्या आलेखाचा डावीकडचा, शून्याजवळचा उतार मला हवा असतो. बहुतेक निबंधांत तिथे एकही बिंदू नसतो.

का नसतो याचं कारण बरेचदा साधं असतं, आणि ते कुणी लिहीत नाही. आर्सेनाझो-3 हे युरेनियमशी रंग देणारं रसायन घालून तो रंग मोजायची पद्धत स्वस्त आहे, सोयीची आहे, मिलिग्रॅमच्या पातळीवर छान चालते आणि मायक्रोग्रॅमच्या पातळीवर लंगडी पडते. खाली उतरायचं तर आयसीपी-मास किंवा लेझर फ्लुओरिमीटर असा अत्यल्प युरेनियम मोजणारा यंत्रसंच लागतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. त्यांनी ‘खाणीतलं आम्लयुक्त पाणी’ असं शीर्षक द्यावं, त्यांचा प्रयोग त्या पाण्याच्या बराच जवळ आहे.

कार्बोनेट न घालता सामू 7 च्या पुढे गेलेले निबंधही आहेत, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. कार्बोनेट नसलेल्या उदासीन पाण्यात लिटरला 50 मिलिग्रॅम युरेनियम विरघळलेलं राहायलाच नको, त्याचा पिवळसर ऑक्साइड-हायड्रॉक्साइड गाळ होऊ लागतो. मग नळी फिरवली, वरचं पाणी गाळून मोजलं आणि जे दिसलं नाही ते सगळं कार्बनने शोषलं असं धरलं, तर गाळाचं श्रेय शोषकाला जातं. शोषक न घालता तसाच हलवलेला, तसाच गाळलेला तुलनेचा एक नमुना हवा. तो केला असेल तर त्याचा आकडा छापा. प्लॅस्टिकच्या नळीच्या भिंतीला आणि गाळणीच्या पडद्यालाही युरेनियम चिकटतं, ते याच आकड्यात कळतं. (शोषणाच्या वेगाचं छद्म-द्वितीय-कोटीचं समीकरण आलेखावर नीट बसलं म्हणून ‘रासायनिक अधिशोषण सिद्ध झालं’ असं लिहिणंही आता थांबवा. ते समीकरण जवळजवळ कशावरही बसतं.)

आणि तुलना कुणाशी करता? एका कार्बनची दुसऱ्या कार्बनशी. भूजलातलं युरेनियम काढायचा प्रश्न अनुत्तरित नाही. जे कार्बोनेट तुमच्या कार्बॉक्सिल गटांचं काम बिघडवतं, तेच तीव्र-क्षारीय ऋणायन विनिमय रेझिनच्या (पाण्यातले ऋण आयन धरून त्यांच्या जागी आपले सोडणाऱ्या पदार्थाच्या) पथ्यावर पडतं: चार ऋण प्रभारांचं संकुल हे रेझिन इतक्या आवडीने धरतं की रेझिनच्या घनफळाच्या हजारो पट पाणी त्यातून जाऊ शकतं. कॅल्शियममुळे प्रभार शून्य झालेलं संकुलही पाण्यात सतत जुळत-तुटत असतं, त्यामुळे तेही हळूहळू रेझिनवर येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने युरेनियमसाठी मान्य केलेल्या पद्धतींत आयन विनिमय आहे, आरओ आहे, चुन्याने पाणी मृदू करणं आहे, किलाटन (रसायन घालून गाठी करणं) आणि गाळणंही आहे. आरओत नको असलेलं पाणी जास्त तीव्र होऊन बाहेर पडतं, रेझिन मिठाच्या पाण्याने धुतलं की युरेनियम त्या मिठाच्या पाण्यात येतं, हे दोष आहेतच. त्या दोषांवर तुमच्या पदार्थाकडे उत्तर असेल तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. पण त्यासाठी त्याच पाण्यात, शेजारी-शेजारी, रेझिनचा एक स्तंभ लावावा लागेल. एका बाजूला तुमचा कार्बन, दुसऱ्या बाजूला बाजारात मिळणारं साधं रेझिन. असा आलेख मला क्वचितच दिसतो.

माझा कार्बनला विरोध नाही, उलट तो चुकीच्या दारात उभा केला जातो याचं वाईट वाटतं. 2013 मध्ये राइस विद्यापीठ आणि मॉस्को राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्राफिन ऑक्साइडवर जे काम प्रसिद्ध केलं ते अणुकचऱ्याच्या आम्लयुक्त द्रावणांचं होतं. सामू 2 च्या खालीसुद्धा किरणोत्सारी धातूंना धरून ग्राफिन ऑक्साइडचे पापुद्रे गोळा होतात आणि गाठी होऊन वेगळे काढता येतात, हे त्यांनी दाखवलं, आणि तुलना बेंटोनाइट माती आणि सक्रिय कार्बनशी केली. प्रश्न कुठला, पाणी कुठलं, स्पर्धक कोण, तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. तीव्र आम्लात आणि किरणोत्सारात कार्बनचा सांगाडा टिकतो, तिथे कित्येक पॉलिमर टिकत नाहीत. हे त्याचं खरं बळ.

दुसरं बळ म्हणजे तो वीज वाहून नेतो. रेझिनला हे जमणार नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये कार्बनच्या इलेक्ट्रोडवर अ‍ॅमिडॉक्सिमचा (युरेनियमला धरणाऱ्या रासायनिक गटाचा) थर देऊन, विद्युतदाब थांबवत-थांबवत लावून, समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम गोळा केलं. दाब असताना आयन ओढले जातात, दाब थांबला की बाकीचे परत पाण्यात जातात आणि युरेनियम मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात युरेनियम लिटरला जेमतेम 3.3 मायक्रोग्रॅम, तेही कार्बोनेटने वेढलेलं. म्हणजे आपल्या विहिरीपेक्षा कठीण काम.

समुद्रावाल्यांकडून तुम्ही खरंच काही घ्यावं असं मला वाटतं. त्यांना खोटं पाणी परवडलंच नाही. जपानी संशोधकांनी अ‍ॅमिडॉक्सिम बसवलेल्या कापडाच्या चवडी ईशान्येकडच्या आओमोरी किनाऱ्यापाशी खऱ्या समुद्रात सोडल्या आणि 1999 ते 2001 दरम्यान किलोभराहून जास्त यलोकेक (युरेनियमचं पिवळं संयुग) मिळवला. समुद्रात व्हॅनेडियम युरेनियमची जागा बळकावतो, शोषकावर शेवाळ धरतं, क्षमता प्रयोगशाळेपेक्षा बरीच कमी भरते, हे सगळं त्या क्षेत्रातले लोक उघडपणे लिहितात. म्हणूनच तिथे प्रगती मोजता येते. भूजलाच्या बाबतीत आपण अजून डिस्टिल्ड पाण्यातले विक्रम मोडत बसलो आहोत.

पदार्थ पाण्यातून परत कसा काढणार, हेही कधी तरी सांगा. ग्राफिन ऑक्साइडचा पापुद्रा पाण्यात इतका सुरेख पसरतो की प्रयोगशाळेत तुम्ही तो वेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवता आणि वर 0.22 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळता. नळाला लावायच्या यंत्रात हे दोन्ही नसतं. युरेनियम घेतलेला पापुद्रा गाळणीतून निसटला, तर ते युरेनियम काढलंच गेलं नाही, फक्त कार्बनवर बसून पेल्यात आलं. नॅनोट्यूबच्या बाबतीत जास्तच जपायला हवं. एका ठरावीक बहुभित्ती नॅनोट्यूबला, एमडब्ल्यूसीएनटी-7 ला, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या 2बी गटात टाकलं. ती काळजी मुख्यतः श्वासावाटे शरीरात जाण्याची आहे, पिण्याची नाही, आणि सगळ्या नॅनोट्यूब एकसारख्या नसतात. तरीही शुद्ध केलेल्या पाण्यात किती कार्बन आला, हा एक आकडा द्यायला काय हरकत आहे?

तयार करण्याच्या खर्चाबद्दल फार लिहीत नाही, पण ग्राफिन ऑक्साइड बनवायच्या हमर्स पद्धतीचा मूळ 1958 चा घाणा आठवा: 100 ग्रॅम ग्राफाइटला 2.3 लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, 300 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, शिवाय सोडियम नायट्रेट. आणि त्यानंतर धुण्याचं पाणी, आम्ल आणि मँगनीजने भरलेलं. ‘हरित’ हा शब्द शीर्षकात घालण्याआधी या बादल्या मोजायला हव्यात.

वापरून झालेल्या शोषकाचंही तसंच. नैसर्गिक युरेनियमची सक्रियता मिलिग्रॅमला सुमारे 25 बेकेरल (किरणोत्साराचं एकक). आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात नैसर्गिक मूळ असलेल्या बहुतेक किरणोत्सारी पदार्थांना नियंत्रणाबाहेर ठेवायची पातळी ग्रॅमला 1 बेकेरल. वरच्या गणितातला, ग्रॅमला जेमतेम 0.9 मिलिग्रॅम युरेनियम घेतलेला कार्बनही ती वीस पटींहून जास्त ओलांडतो. हे रेझिनलाही लागू आहे, म्हणून यावरून कार्बनला नापास करत नाही. फक्त ‘सहज विल्हेवाट’ असं लिहू नका.

परीक्षकांना आणि संपादकांना वेगळं काही सांगायचं नाही. निबंधात पिण्याचं पाणी किंवा भूजल हे शब्द असतील, तर परीक्षणाच्या अर्जात विचारा: बायकार्बोनेट किती होतं, कॅल्शियम किती होतं, सुरुवातीचं युरेनियम 200 मायक्रोग्रॅमच्या आत होतं का, आणि शेजारी रेझिन लावलं होतं का. उत्तरं समाधानकारक नसतील तर निबंध नाकारू नका, शीर्षक बदलायला लावा. आकडा 300 वरून 3 वर आला म्हणूनही नाकारू नका. खऱ्या पाण्यात 3 दाखवणारा पदार्थ मला उद्या लावून बघता येईल.

खरं पाणी कुठून आणायचं असं विचाराल, तर जवळच्या कुठल्याही भूजल प्रयोगशाळेला विचारा, तपासणी झाल्यावर उरलेले नमुने सगळीकडेच ओतून दिले जातात. फक्त एक काळजी घ्या. धातू मोजायचे नमुने नायट्रिक आम्ल घालून, सामू 2 च्या खाली नेऊन ठेवलेले असतात. ते घेतलेत तर बायकार्बोनेट आधीच उडून गेलेलं असेल आणि तुमचा कार्बन पुन्हा एकदा झकास काम करताना दिसेल. आम्ल न घातलेली बाटली मागा, वर हवेची जागा न ठेवता काठोकाठ भरलेली, थंड ठेवलेली. हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड निसटतो, सामू चढतो आणि तळाशी चुन्याची पांढरी साय धरते. बाटली उघडल्यावर सामू आणि क्षारता लगेच मोजून घ्या आणि दोन्ही आकडे निबंधात छापा.

आपला,
भूजल तपासणारा एक रसायनशास्त्रज्ञ